समोरून पाहिलेली गाडी

सुताराने परसात स्वतःच्या हातांनी गाडी बांधायला घेतली, तेव्हा अख्ख्या गल्लीने त्याला वेड्यात काढलं. बायकोने मात्र एकच अट घातली. ती स्वतः शहरात बस चालवत असे. इतक्या वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

"भंगारातलं काय वाटेल ते जोड, पण ब्रेक कोरे करकरीत हवेत," ती म्हणाली.

तेवढं त्याने निमूट ऐकलं. बाकी एका गाडीचा सांगाडा, दुसरीचं इंजिन, तिसरीचं स्टिअरिंग असा संसार जमला. चाकं वळवणारा दांडा मूळ गाडीत चाकांच्या मागे होता. इथे मध्ये इंजिन आलं, म्हणून या उंटावरच्या शहाण्याने तो पुढे नेऊन बसवला आणि स्वतःच्याच अकलेवर खूश झाला.

आज गाडी शेडबाहेर निघणार होती. पहिला मान अर्थातच बायकोचा. फाटक डावीकडे, म्हणून आईची खुर्ची त्याने उजवीकडे भिंतीला लावून ठेवली. सासूबाईंचं सुनेशी फारसं पटत नसे. सुनेने नुसतं पाणी दिलं तरी त्यात खोट निघायची. पण ही गंमत चुकवायला त्या तयार नव्हत्या.

गाडी हळूच बाहेर आली. बायकोने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे वळली. तिने आणखी डावीकडे ओढलं, गाडी आणखी उजवीकडे गेली. समोर खुर्ची, खुर्चीत सासूबाई, मागे भिंत. तिने जीव खाऊन ब्रेक दाबला.

गाडी थांबली तेव्हा गाडीचं नाक सासूबाईंच्या गुडघ्यांना टेकलं होतं.

सुतार धावत गाडीसमोर आला. बायकोची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

"मी उजवीकडे वळवलं का हो?" तिने विचारलं. "डावीकडेच वळवलं ना मी? आता कोणत्या तोंडाने बसमध्ये माणसं बसवू?"

"घाबरलीस तू, म्हणून चुकलं असेल," तो कसाबसा म्हणाला. "स्टिअरिंग मी तपासलंय. आई आत बसून डावीकडे फिरवत होती, मी असाच इथे समोर उभा होतो, चाकं बरोब्बर डावीकडे..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग काचेआडच्या बायकोच्या हातांकडे. समोर उभ्या असलेल्याचं डावं म्हणजे आत बसलेल्याचं उजवं. दांडा पुढे नेल्यापासून चाकं उलटीच वळत होती.

"तिने डावीकडेच फिरवलं," सासूबाई म्हणाल्या. "मी तिच्या हातांकडेच बघत होते. आणि त्या दिवशीच तुला म्हटलं होतं, चाकं उलटी जातायत. तू म्हणालास, आई, तुला डावं-उजवं कळत नाही."

आईला उठवायला त्याने हात पुढे केला. त्यांनी तो झटकून टाकला.

"सूनबाई, तू ये. तुझा हात दे. या घरात तेवढेच हात भरवशाचे आहेत."

तेव्हा कुठे तिने स्टिअरिंग सोडलं.