चुन्याच्या रेघेची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लिहायची नव्हे, बांबूची, डोक्यावर घ्यायची. माझा काठ एका बाजूने उसवला आहे, बुडाला दोन भोकं आहेत आणि गेल्या पंधरवड्यापासून माझ्या मालकिणीची, गोजरबाईची, कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसते आहे. त्याचं मला काही वाटत नाही. कोंबडी स्वच्छ प्राणी आहे. माणसांबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही.

माझ्या अंगावर एक पांढरी रेघ आहे. तिची गोष्ट सांगते. पण नाकाला पदर लावायची तयारी ठेवा, कारण या गोष्टीला वास येतो.

काष्टीच्या बाजारात बायडाबाई बुरडिणीने मला विणलं. काठ वळताना बांबूची कामटी तिच्या बोटात घुसली. तिने बोट तोंडात घातलं, थुंकली आणि काम पुढे चालू ठेवलं. गोजरबाईने माझ्या बुडावर तीनदा थापा मारून पाहिल्या आणि मला घरी नेलं. तिथे शेणाने सारवून मला उन्हात ठेवलं. शेण लागल्यावर मी पवित्र झाले, असं घरादाराचं मत पडलं. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो. शेणाने मी विटाळले नाही.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. ज्वारीची कणसं वाहिली, शेतावर भाकरी नेली, भुसा वाहिला. गोजरबाईचा माझ्यावर जीव होता. शेजारणीने मागितलं तरी ती मला हातची सोडत नसे.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीही पावसाने तोंड दाखवलं नव्हतं, पण या वर्षी विहिरीच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नाही. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. ज्याला घण उचलता येई, त्याच्या घरची चूल कशीबशी पेटे. म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं आणि बाळंतिणींचं कोण बघणार? गोजरबाईच्या घरीच एक बाळंतीण होती, तिची सून विजयमाला. पहिलटकरीण, मुलगी झालेली. दिवाळी होऊन महिना झाला नाही तोच विजयमालाचं दूध आटायला लागलं. पोर रडून रडून निळी पडे. गोजरबाई पाण्यात कालवलेलं पीठ सुनेला पाजायची आणि स्वतः नुसतंच पाणी प्यायची.

गावच्या ख्रिस्ती आळीत लिडियाबाई राहत. मिशनच्या शाळेत त्या शिकवत. एके दिवशी त्यांनी बायका गोळा केल्या आणि म्हणाल्या, "तीन कोसांवर पाटाचं पाणी आहे. तिथे वांगी तोडून झाल्यावर वाकडी, किडकी, लहान वांगी झाडालाच राहतात. पेरूच्या बागेत फुटलेले पेरू खाली पडून कुजतात. बाजारात ते कोणी घेत नाही. आपण सरवा वेचून आणू. ज्यांना काम होत नाही, त्यांना शाळेच्या पडवीत वाटू."

सरवा म्हणजे पीक काढून झाल्यावर रानात मागे उरतं ते. तो वेचण्यात कमीपणा नाही, ती जुनी रीत आहे. पाटाच्या गावाची रीत तर फार छान होती. वेचणाऱ्यांनी आपली एक रिकामी पाटी मालकिणीच्या हाती द्यायची. तिने ती बांधावर उपडी घातली, की रान मोकळं. मग मालकाने मागे वळूनसुद्धा बघायचं नाही. तीच पाटी तिने उचलून सरळ ठेवली, की रान बंद. मग एक पानही वेचायचं नाही.

अकरा बायका निघाल्या. सहा ख्रिस्ती आळीतल्या, पाच वरच्या आळीतल्या. म्हाताऱ्या बन्सीने बैलगाडी दिली. बदल्यात बैलांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, मिळणार होता. बागेची मालकीण बनुबाई सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण जिभेला भलतीच ताठ. तिने मलाच उचललं आणि बांधावर उपडी घातलं. काय सांगू तुम्हाला! एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. दिवसभर मी बांधावर पालथी पडून बायकांची बोलणी ऐकली. गोजरबाईने तोवर दुसरीच पाटी भरली होती. शेवटी रान बंद झाल्यावर लिडियाबाईंनी ढिगातलं उरलेलं माझ्यात भरलं आणि मला आपल्याच डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत आणलं. गावात उतरल्यावरही त्याच मला घेऊन पडवीत आल्या.

तिथे गोरक्षनाथ उभा होता. त्याला कोणी कसलं पद दिलेलं नव्हतं. पण काही माणसं दुसऱ्याच्या ताटात डोकावायला जन्मालाच येतात. त्याने आधी लिडियाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो ढीग असा एकात न्हाई चालायचा," तो म्हणाला. "त्यांच्या हातचं त्यांच्या आळीला, आपल्या हातचं आपल्या आळीला."

भिंतीला चुना लावायची बादली तिथेच होती. त्याने कुंचला बुडवला आणि ख्रिस्ती बायकांनी आणलेल्या सहा पाट्यांवर एकेक रेघ ओढली. सहावी मी.

"अरं गोरख, ती माजी पाटी हाय," गोजरबाई हळूच म्हणाली.

"आता तिकडची झाली, काकू. त्यांच्या डोक्यावरनं आली न्हवं? तुमी दुसरी घ्या."

गोजरबाईने खाली मान घातली आणि गप्प बसली. शेणाने न विटाळलेली मी, एका मास्तरणीच्या केसांना लागून विटाळले! मला तिथेच उलटी व्हायची बाकी होती. पण पाटीला तीही सोय नाही.

दोन ढीग झाले. वरच्या आळीत घरं साठ, पाट्या पाच. ढीग तासाभरात संपला आणि निम्मी माणसं हात हलवत परत गेली. ख्रिस्ती आळीत घरं सात आणि पाट्या सहा. लिडियाबाई पडवीच्या पायरीवर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवत राहिल्या. "या ना, घेऊन जा. पुष्कळ आहे." माणसं माझ्याकडे बघत, आवंढा गिळत आणि पुढे जात. कारण पलीकडे आपल्या ओट्यावर गोरक्षनाथ बसलेला असे.

तिसऱ्या दिवशी लिडियाबाईंनी माझ्यातले बरे पेरू निवडून ओच्यात घेतले आणि त्या गोजरबाईच्या दारी गेल्या. मी पडवीत होते, पण गोजरबाईचं दार शाळेच्या समोरच, सगळं दिसत होतं. आत पोरीचं रडणं चाललं होतं. गोजरबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"बाई, नगा. गोरख बघतोय."

"गोजरबाई, विजयमालाच्या पोटात काही नाही."

"ठावं हाय मला. पर गावात ऱ्हायचंय आमाला. जावा तुमी."

लिडियाबाई परत आल्या आणि ते पेरू पुन्हा माझ्यात ठेवले. पुढे काय झालं ते सांगताना आजही मला शिसारी येते. पेरू आधी मऊ पडले, मग काळे. त्यांचा गोड कुजका वास सुटला. वांग्यांना पाणी सुटून ते माझ्या कामट्यांतून खाली ठिबकलं. पांढऱ्या अळ्या माझ्या पोटातून काठापर्यंत चढल्या आणि माशांनी नुसता उच्छाद मांडला. दुष्काळ होता, मित्रांनो! बायका झाडाचा पाला शिजवत होत्या, आणि त्याच गावात माझ्या पोटात अन्न सडत होतं. येणारेजाणारे नाक दाबून म्हणत, "शी! काय ती पाटी!" मला म्हणत होते, मला! माझ्यात अळ्या कोणी घातल्या?

शेवटी लिडियाबाईंनी ती घाण उकिरड्यावर टाकली आणि मला राखेने घासलं. रेघ मात्र निघाली नाही.

पुढच्या खेपेला बनुबाईने मला उपडं घालायला हातात घेतलं आणि तिचं बोट रेघेवर थांबलं.

"ही रेघ कसली गं?"

बन्सीने बैलांच्या मानेवरचं जू खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. कुजलेल्या पेरूंसकट.

बनुबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या रानात खुरपायला, पानी द्यायला, वांगी तोडायला बारा म्हैने कोन येतं? हितल्या ख्रिस्ती वाडीतल्याच बाया. एकूण एक वांगं त्यांच्या हातचं हाय. तुमच्या गोरखच्या पोटात काय आभाळातनं पडलं व्हय?" तिने मला बांधावर सरळ ठेवलं, धाडकन. "जावा. माझ्या रानाचं अन्न कुजवायला न्हाई देत मी. रान बंद."

अकरा बायका जागच्या जागी खिळल्या. बन्सी विनवायला लागला, लिडियाबाई काही बोलू पाहत होत्या, पण म्हातारी ऐकेना. गोजरबाई माझ्याशेजारी बांधावर बसली. मला वाटलं, आताही ही गप्प बसणार. मला तिचीही किळस आली, खोटं का बोलू?

"मावशी," ती अखेर म्हणाली, "तुमच्या चंचीत चुना आसंल न्हवं?"

"पान खायाची येळ हाय व्हय ही?"

"द्या तर खरं."

म्हातारीने चुन्याची डबी काढून दिली. गोजरबाईने बोट बुडवलं आणि उरलेल्या पाचही पाट्यांवर एकेक रेघ ओढली. पहिली आपल्या नव्या पाटीवर. वरच्या आळीतल्या चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पण एकीनेही आपली पाटी मागे ओढली नाही. मग गोजरबाई लिडियाबाईंसमोर आली.

"मावशी, येकच घेते. बाई, झाडाखालचा येक पेरू द्या. तुमच्या हातानं."

लिडियाबाईंनी दिला. तिने सगळ्यांदेखत तो देठासकट खाल्ला. खाताना ती रडत होती, आणि बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसासारखी भराभर खातही होती. बनुबाईने नाक ओढलं, मला उचललं आणि पुन्हा उपडं घातलं.

गावात गाडी आली तेव्हा गोरक्षनाथ पाट्या बघायला पुढे झाला. एक रेघ, दोन रेघा, अकरा रेघा.

"काकू, ह्ये काय? आपल्या पाट्या कुठल्या?"

"सगळ्या येकच हायेत. घ्यायचं तर रांगंत बस, न्हाईतर घरी जा. लोकाच्या पोटाआड उभा ऱ्हाऊ नगंस."

सगळं गाव बघत होतं आणि कोणी पुढे येत नव्हतं. तेवढ्यात समोरचं गोजरबाईचं दार उघडलं. विजयमाला भिंत धरत धरत बाहेर आली, पोर खांद्याला लावलेली. तिला ओट्यावरून खाली उतरायलाच किती वेळ लागला! ती सरळ लिडियाबाईंपुढे बसली आणि पदर पसरला. लिडियाबाईंनी मला उचलून तिच्या पदरात रिकामं केलं. मग रांग लागली. चौथ्या खेपेला गोरक्षनाथाची बायकोही आली, भांडं पदराखाली झाकून. लिडियाबाईंनी तेही काठोकाठ भरलं. त्यांच्या जागी मी असते तर भरलं नसतं.

आता पाऊसपाणी बरं आहे. पडवीतलं वाटप थांबलं, मी गोजरबाईकडे परत आले आणि बाकीच्या दहा पाट्यांच्या रेघा घरोघरी खरवडून काढल्या गेल्या. परवा गोरक्षनाथाकडच्या जेवणात लिडियाबाईंचं पान पुन्हा वेगळं मांडलं होतं, हेही माझ्या कानावर आलं. माणसांची ही जात मला कधी कळली नाही.

मित्रांनो, माझ्या काठाला चार टाके घाला, बूड सांधा, मी अजून पाच वर्षं काम करीन. पण मला घासायला घ्याल तर या घरच्या रीतीने घासा, रेघ तेवढी सोडून. विजयमालाची पोर आता पावणेदोन वर्षांची आहे. काल तिने कोंबडीला हुसकावलं, माझ्या रेघेवर बोट ठेवलं आणि बोबड्या आवाजात विचारलं, "आजी, ह्ये कुनी केलं?"

मला वाटलं, गोजरबाई गोरक्षनाथाचं नाव सांगेल. तिने नातीचं बोट धरून रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"मी केलं गं, बाय," ती म्हणाली. "मी गप बसले हुते."