दोनच माणसांची मोटार

बैल पारखणाऱ्या माणसाला मोटारीचे दात शोधताना तुम्ही कधी पाहिलंय का? नसेलच पाहिलं. माझे मात्र शोधले गेले आहेत.

मी एक मोटार बोलतेय. पण चार दारांची, मागे ऐसपैस बाक असलेली, लग्नाला अख्खं बिऱ्हाड कोंबून नेणारी मोटार डोळ्यांसमोर आणू नका. मला दारं दोन, शिटा दोन, नाक लांबलचक आणि छप्पर बसकं. मागे जागा आहे, पण ती वांग्याचं एक टोपलं मावेल एवढीच. रंग मुळात लाल. ऊन खाऊन खाऊन तो आता पिकल्या बोरासारखा झाला आहे. या मुलखात माझ्यासारखी दुसरी नाही, आणि या गोष्टीचा मला एके काळी फार ताठा होता.

माझा जन्म विलायतेचा. बोटीतून आले ती पुण्याच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे. तो मला रोज फडक्यानं पुसायचा, माझ्याशी बोलायचासुद्धा. देश स्वतंत्र झाला तेव्हा तो मायदेशी गेला. जाताना कुत्रा घेऊन गेला, मला ठेवून गेला. पुढे एका डॉक्टरांनी मला घेतलं. माणूस चांगला होता, पण त्यांचं पोट आणि माझं स्टिअरिंगचं चाक यांचं कधी जमलं नाही.

मग बारामतीच्या रावजी आडत्यांनी मला लेकाच्या वरातीसाठी आणलं. वरात एका रात्रीत संपली आणि माझी रवानगी गुळाच्या वखारीत झाली. मुंग्यांना माझ्या गाद्या फार आवडल्या. एका कोंबडीनं डाव्या शिटेवर पिल्लंही काढली. कोंबडीला दोष देत नाही. इतक्या दिवसांत माझ्यात मायेनं बसलेली तेवढी ती एकटीच.

अशातच झुंबर नावाचा एक बागायतदार वखारीत आला. त्यानं माझं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इंजन झकास हाय. हिरीवर पानी वढाया बसवतो. पत्र्याचं बघा तुमचं तुमी." रावजी बरं म्हणाले. पुढच्या बाजारी झुंबर मिस्त्री घेऊन येणार, असं ठरलं. एखाद्याच्या अंगातून काळीज काढायचं आणि वर काळजाची तारीफ करायची, ही माणसांची रीत मला तेव्हा कळली.

त्याच दिवशी जळोचीचे दत्तोबा गूळ घालायला आले. उंच, कमी बोलणारे, मिशा मात्र भरपूर. त्यांच्यामागे चार पावलं अंतर ठेवून त्यांच्या मंडळी, कौसल्याबाई. नवरा थांबला की थांबायचं, चालला की चालायचं. त्या मला बघत उभ्या राहिल्या. शेवटी न राहवून त्यांनी रावजींच्या बायकोला, फुलाबाईंना विचारलं, "एवढी मोठी गाडी आन् दोनच शिटा? असल्या गाडीत बसायचं तरी कुनी?"

"नवराबायकोनं!" फुलाबाई म्हणाल्या. "दुसरं कुनी आत शिरूच न्हाय, म्हनून तर तशी केलीया."

कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अशा हसल्या की त्यांच्या बांगड्या वाजल्या. दत्तोबांनी मान वळवून पाहिलं. हे हसू त्यांनी फार दिवसांत पाहिलेलं नसावं. गुळाचं काम विसरून ते रावजींना म्हणाले, "ही मोटार इकायची हाय का?"

रावजी व्यवहारी. ते म्हणाले, "झुंबर येनार हाय. पर त्याच्या आत घिऊन जावा, बघा. पसंत पडली तर ठिवा, न्हायतर परत आनून लावा. बैलासारखंच समजा."

दत्तोबांनी सोसायटीच्या ट्रॅक्टरवर हात बसवला होता. त्यामुळे मी जळोचीपर्यंत नांगर ओढत असल्यासारखी गेले, पण गेले. कौसल्याबाई मात्र मागून बैलगाडीतनंच आल्या. डावी शीट रिकामी होती, तरी "बस" म्हणायचं धाडस भर बाजारात दत्तोबांना झालं नाही.

त्या घराची एक रीत होती. पारखायला आणलेलं जनावर दारात घ्यायचं नाही, बाहेर लिंबाखाली बांधायचं. पसंत पडलं की घरातली कर्ती बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. एकदा पायावर पाणी पडलं की ते जनावर घरचं झालं. मग ते मारकुटं निघो नाहीतर आळशी, परत देता येत नाही. मला लिंबाखाली उभं केलं. दाव्यानं बांधलं नाही, एवढीच सवलत.

सकाळी महिपती तात्या आले. बैलांच्या पारखीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा, म्हणून दत्तोबांनी त्यांनाच बोलावलं होतं. मोटारीचं त्यांना काही कळत नव्हतं, पण तसं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली, चाकं खुरांसारखी दाबली आणि पुढच्या जाळीत बोटं घालून दात शोधले. मग दारातून आत हात घातला आणि बोट कर्ण्याच्या बटणावर पडलं. मी ओरडले. गोठ्यातल्या खिलारी बैलांनी दावी तोडून वांग्याच्या वाफ्यात धाव घेतली.

वांगी तुडवून झाल्यावर तात्यांनी निकाल दिला. "दत्तोबा, जनावर बसकं हाय. बसक्याला चढ सोसत न्हाय. आन् आवाज वंगाळ. माघारी लावा."

"तात्या, भाजी न्यायला बरी पडंल की बाजारात," दत्तोबा म्हणाले.

"एक टोपलं?"

"दवाखान्याला..."

"आजारी मानूस निजंल कुठं?"

"कारखान्याच्या मीटिंगला जायला..."

"व्हय, आन् बाकीचे सभासद टपावर बसत्याल!"

एक खरं कारण लपवायला माणूस किती खोटी कारणं कामाला लावतो! तेवढ्यात दाराआडून माझ्या रिकाम्या शिटेकडे बघत कौसल्याबाई म्हणाल्या, "अवं, जीप तरी घ्या. समदी बसत्याल."

दत्तोबांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. सगळ्यांनी बसावं एवढंच असतं तर ते गुळाच्या वखारीत कशाला थांबले असते? पण हे चारचौघांत बायकोला कसं सांगायचं? त्यांनी जड आवाजात म्हटलं, "ठीक हाय. सांजच्याला देतो माघारी."

माझी टाकी थंड पडली. सांजेला वखार, बाजारी झुंबरचा मिस्त्री.

दत्तोबांच्या आई, प्रयागबाई, आतापर्यंत ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्या उठल्या. "थांब दत्तू. दुसऱ्या शिटंवर कोन बसनार, ते तर कुनीच इचारलं न्हाय."

"तू, आय. दुसरं कोन?" दत्तोबा म्हणाले. आई असताना शेजारी बायको बसवणारा मुलगा त्या गावात नव्हता.

"मंग मला बसून बघू दे."

दार उघडलं. प्रयागबाई आत शिरल्या आणि माझ्या शिटेत पार खाली गेल्या. बाहेरून फक्त अंबाडा दिसत होता. क्षणभरानं आतून आवाज आला, "आरं द्येवा! आरं उठवा मला!"

एका हाताला दत्तोबा, दुसऱ्या हाताला कौसल्याबाई. "वढ गं! जोर लाव!" बाहेर तात्या हसून हसून पागोटं सावरत होते. अखेर म्हातारीला उपसून काढलं. ती गुडघे धरून ओट्याला टेकली. "माझ्या बाच्यानं ह्यात बसवनार न्हाय. मी बैलगाडीतली. ही शीट कौसल्याची."

कौसल्याबाई लाजून चूर झाल्या. "आत्याबाई, कायतरीच!"

"कायतरी न्हाय. तांब्या आन. येताना भाकरतुकडा बी आन."

"प्रयागआक्का, आवं दमानं घ्या!" तात्या पुढे झाले. "पायावर पानी पडलं तर परत देता यायची न्हाय."

"मंग तुमी काय बघाय आलाय? बघा." आणि प्रयागबाईंनी चारही चाकांवर पाणी घातलं, नाकाला कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला.

आता एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, ती सांगते. आत बसल्यावर प्रयागबाईंनी दोन्ही पाय माझ्या तळाला असे रेटले होते की पत्रा कुरकुरला. त्या पायांत भरपूर बळ होतं. त्यांनी आधी मागे वळून सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं, आणि त्यानंतरच "उठवा" म्हणून हाक मारली.

अजून मी याच घरी आहे, गोठ्याशेजारच्या छपरात. खिलाऱ्यांशी माझं बरं जमतं. तात्या येता-जाता "बसकं जनावर" म्हणून चिडवतात आणि गुपचूप काचेत मिशा नीट करतात. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी अडनिडी म्हातारी मोटार आली, तर हसा खुशाल. पण इंजिन उपसण्याआधी, तिच्या रिकाम्या शिटेकडे घरातलं कोण बघतंय, एवढं पाहा.

त्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा आणि कौसल्याबाई माझ्यात शेजारी शेजारी बसून बाईंच्या माहेरी, निमगाव केतकीला गेले.