नाव बदललेली बाई

डाव्या अंगठ्यावरचा इस्त्रीचा डाग… तोच, नखाखाली, डाळीच्या दाण्याएवढा. पुस्तिकेत चेहरा नाही, नुसते तिचे हात छापलेले, आणि खाली चार ओळी – एका सहभागी महिलेने तापलेल्या तान्ह्या मुलीला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून कामावर जावे लागल्याची सल गटात प्रथमच बोलून दाखवली. मुलीचा एक कान कायमचा गेला. आज ती महिला शांत झोपते. नाव बदलले आहे.

नाव बदललं आणि अंगठा तसाच ठेवला! शहाणेच म्हणायचे.

तिनं पुस्तिका मिटली, पुन्हा उघडली. बावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करताना जी झोप उडाली होती, ती या गुरुवारच्या गटानं परत आणली होती – धुणाऱ्या, झाडणाऱ्या बायका गोल बसायच्या, रक्तदाब मोजायचा, मग जिचं तिनं बोलायचं. इथलं इथंच राहील, असं गट चालवणाऱ्या ताईच म्हणाल्या होत्या ना? आणि लेक… कान जन्मापासूनच अधू आहे असं समजणारी, हाती आलेला कागद वाचल्याशिवाय न सोडणारी. बाहेरच्या टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा, आणि शनिवारी माझ्या गोळ्या न्यायला तीच येणार. छापणाऱ्यांना कुणी सांगितलं असेल? झाडूवाली मावशी – तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. की जिना पुसणारी…

"ताई, हे कुणी लिहिलं?"

"मीच. अगं, तूच हो म्हणालीस की."

"फोटोला हो म्हणाले होते मी."

"नाव कुठंय त्यात तुझं? हे बघ, आपलं अनुदान एवढंसं, दरवर्षी नव्यानं मागायचं. देणाऱ्यांना आकड्यांनी पटत नाही, माणूस लागतं. आज आलेत त्यांच्यातले दोघं. बोलशील ना?"

म्हणजे बोलले नाही तर गुरुवार बंद, आणि बोलले तर… धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला ताईंचा राग आला, मग स्वतःचा. ताईंचं हसू खरं की कामापुरतं, हेही आता कळेना. आणि मग सुचलं – लेकीनं विचारलंच तर म्हणायचं, तिथं सगळं रचलेलंच असतं गं. पण मग रचायला तर हवं.

पाळी आली. पाहुणे खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर.

"मला एक धाकटा भाऊ होता," ती म्हणाली. चार बहिणी, भाऊ कधीच नव्हता. "बाजारात माझ्या हातातून त्याचा हात सुटला…" आणि पुढचं येतच गेलं – त्याचा निळा सदरा, मोठी चप्पल, संध्याकाळपर्यंत मारलेल्या हाका – आणि तिच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी वाहू लागलं. पाहुणीचं पेन भराभर चाललं होतं. मावशीनं पाठीवर हात ठेवला. "रड गं, रड," ती म्हणाली.

किती सोपं होतं हे!

तिनं डोळे पुसले आणि एकेक चेहरा पाहिला. जिना पुसणारीची भाजून गेलेली बहीण, मावशीचा परागंदा झालेला मुलगा, त्या कोपऱ्यातलीचं न जगलेलं बाळ… त्यांच्यासाठी ती गुरुवारमागून गुरुवार रडली होती, घरी जाऊन गाढ झोपली होती. होती का ती माणसं? विचारावं तरी कसं? विचारलं, तर तिलाही आपला भाऊ दाखवावा लागला असता.