एका परवान्याचा फॉरवर्ड

माणूस विनाकारण गोड बोलायला लागला की मी आधी माझा खिसा चाचपतो. या सवयीमुळे आखातातल्या देऱ्यात आठ वर्षांत मला कोणी टोपी घालू शकलं नाही. म्हणून खैरुद्दीन जेव्हा माझ्या भाच्याची तारीफ करू लागला, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला.

भानगड फुटबॉलची होती. आम्ही सगळे एका अरब व्यापाऱ्याच्या वखारीत कामाला. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. धंद्याइतकाच त्याचा जीव वखारीच्या टीमवर. आमचा बचाव भक्कम होता, पण गोल मारणारा गडी कुवेतला पळाला आणि त्यानंतरच्या सात मॅचमध्ये आमचे गोल झाले दोन. त्यातला एक खाडीपलीकडच्या बँकवाल्यांनी चुकून स्वतःवरच मारलेला. शेवटी अरबाब भडकला. म्हणाला, तुमच्या कोकणातून एक फॉरवर्ड आणा, मी एकाच माणसाचा इथे यायचा परवाना काढतो आणि वखारीत नोकरी देतो. महिनाअखेरच्या जुम्म्याला मला नाव सांगा.

एक नोकरी आणि आमच्या खोलीत नऊ जण, प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी बेकार. मग काय, रोज संध्याकाळी चुलीवर भात आणि खाली कुस्ती.

"फॉरवर्डला डोकं पाहिजे," हमदुल्ला म्हणायचा. तो आमचा गोलकीपर, बाणकोटचा. "माझा मेव्हणा हेडिंग करतो ना, एकदम फर्स्ट क्लास!"

"तुझा मेव्हणा धावतो कधी? बॉल डोक्यावर पडेपर्यंत उभाच!"

"स्पीड घेऊन काय चाटायचंय? फिनिशिंग पाहिजे, फिनिशिंग!"

मी माझ्या बहिणीच्या मुलासाठी, रफिकसाठी, भांडत होतो. अन्वरीचा नवरा वारून दोन वर्षं झाली होती. तीन लेकरं, कमावणारा कोणी नाही आणि दर कागदात एकच वाक्य, 'भाईजान, रफिकचं काहीतरी बघा.' रफिक खेळायचा बरा. डाव्या पायाने छान कापायचा, पण गोलसमोर आला की बावरायचा. हे मी खोलीत कधीच कबूल केलं नाही.

खरी टक्कर होती ती खैरुद्दीनच्या भावाशी, जहूरशी. खैरुद्दीन माझ्याच गावचा, आमची घरं पाठीला पाठ लावून. जहूरला मी रजेवर गेलो तेव्हा पाहिलं होतं. ओहोटीच्या ओल्या वाळूत तो अनवाणी असा सुटायचा की अडवायला आलेले दोघे मागे बसकण मारायचे. तीन आठवडे खैरुद्दीन त्याचंच गाणं गात होता. मनातून मला ठाऊक होतं, खेळावर ठरलं तर जहूरच येणार.

मग बोटीने टपाल आलं. आमच्या खोलीत कागद मोठ्याने वाचायची रीत होती. कोणाच्या ना कोणाच्या गावची खबर त्यात असायचीच. खैरुद्दीनने मात्र आईचा कागद घेतला, गच्चीवर गेला आणि बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा कागद शर्टाच्या खिशात होता.

"काय खबर?" मी विचारलं.

"सगळी खैरियत आहे, गनीभाई. अन्वरीआपापण बरी आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "मी काय म्हणतो, रफिकलाच बोलवू या. जहूरच्या पायाला लागलंय. आता त्याच्यात पहिल्यासारखा दम नाही राहिला."

सगळे थक्क झाले. मी तर हबकलोच. सख्ख्या भावाला सोडून हा माझ्या भाच्याला का आणेल? त्यानंतर आठ दिवस तो रफिकची बाजू माझ्यापेक्षा जोरात लढवत होता. "डावा पाय बघा त्याचा! लेफ्ट विंगला असा माणूस कुठे मिळतो?" एकेकाला पटवून त्याने खोली रफिकच्या बाजूला वळवली. लोक माझं अभिनंदन करायला लागले, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतच राहिली.

नोकरीतच काही खोट असेल का? अरबाब नव्या माणसाला वखारीच्या नावाखाली दुसरीकडे कुठे धाडणार असेल? की रफिक आला, गोल चुकला, की हा सगळ्यांसमोर मला खाली बघायला लावणार? की त्याला अन्वरीच्या घरामागची आमची जागा हवी होती? एक तर्क दुपारपर्यंत टिकायचा, मग मी दुसरा शोधायचो. खैरुद्दीन समोर आला की हसायचा, आणि मला वाटायचं, पाणी इथेच मुरतंय.

जुम्म्याची नमाज झाली आणि अरबाब वखारीच्या पडवीत खुर्ची टाकून बसला. हमदुल्लाने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "अरबाब, रफिक. सब का एक ही नाम."

अरबाबने हिशेब लिहिणाऱ्या मुनशीला खूण केली. मुनशीने पेनचं टोपण काढलं. आणखी दोन मिनिटं मी तोंड मिटून बसलो असतो तर अन्वरीचं घर मार्गी लागलं असतं. पण मला राहवलं नाही.

"अरबाब, एक मिनट," मी म्हणालो. "खैरू, जहूरच्या पायाचं तुला कोणी कळवलं?"

"आईने. कागदात."

"मग दाखव कागद."

"गनीभाई, सांगितलं ना! आता खलास झालं. सोडा ना," तो म्हणाला, आणि त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला. तेवढं मला पुरलं. मी त्याचा हात बाजूला करून कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागलो.

'बेटा खैरू, दुवा. आपल्या जहूरने परवा हर्णैवाल्यांना चार गोल घातले. पोरांनी त्याला खांद्यावरून घरी आणला.'

पडवीत एकच गलका झाला. हमदुल्लाने अरबाबला हिंदीत समजावलं आणि अरबाब खुर्चीतून उठलाच. "चार गोल! खैरू, तू भाई को छुपाता है? खलास! जहूर. मुनशी, आज ही तार भेजो. जल्दी, यल्ला!" मुनशीने नाव लिहिलं आणि दोघे हसत निघून गेले.

मला माझं नुकसान तेव्हा दिसलंच नाही. खोटं पकडलं याच तोऱ्यात मी पुढे वाचत गेलो.

'पण हे तुझ्या शेठला कळू देऊ नको. तुझे अब्बा दर्यात गेले, तू तिकडे. आता घरात मी आणि हा. माझी नजर पार गेली आहे, विहिरीपर्यंत हाच हात धरून नेतो. बोलावणं आलं तर हा थांबायचा नाही, आणि मी त्याला थांब म्हणू शकायची नाही. तुम्ही गनीच्या भाच्याला न्या. अन्वरीकडे कमावणारा कोणी नाही, आणि पोर वाईट खेळत नाही. तुझी आई मैमुनाबी.'

शेवटच्या ओळी मी कशा वाचल्या मला माहीत नाही. मी कागद हातात घेऊन तसाच अरबाबच्या मागे धावलो. बाजाराच्या तोंडाशी त्याला गाठला आणि हात जोडून सांगितलं की जहूरला आणू नका, त्याची आई आंधळी आहे, या कागदात सगळं लिहिलंय.

अरबाबने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. त्याला मराठी कुठली वाचता येणार? "गनी," तो म्हणाला, "चार गोल भी तूने पढ़ा, अब ये भी तू ही पढ़ेगा? रफिक तेरा भांजा है ना, हबीबी? मैं सब समझता हूँ." माझ्या खांद्यावर थोपटून तो निघून गेला.

मी परत आलो. सगळे पांगले होते. खैरुद्दीन एकटाच पोत्यांवर बसला होता. मी त्याला कागद दिला, आणि माझं तोंड बघून तो काय ते समजला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

"गनीभाई," त्याने विचारलं, "यात माझा काय फायदा होता, असं वाटलं तुम्हाला?"

आठ दिवस मी दुसरा कसलाच विचार केला नव्हता, आणि माझा एकही तर्क टिकला नव्हता. तेच मी त्याला सांगितलं.