बारा सीड्यांची पिशवी

आमच्यात वाटणीची एक रीत आहे. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळं मोठा लबाडी करत नाही, कारण कमी पडलेला वाटा त्याच्याच पदरात येतो. रीत चांगली आहे, पण ती जमिनीसाठी, विहिरीसाठी, बैलांसाठी. व्हिडिओ गेमच्या दुकानाला ती लावायची बुद्धी आख्ख्या कोपरगावात मला एकट्यालाच झाली.

मी कल्याण. भाजी मंडईच्या बोळात माझं दुकान आहे, मागच्या खोल्यांत घर. रविराज माझा धाकटा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील साखर कारखान्यात होते. ते गेले, मागनं आईपण गेली, तेव्हा रवी अकरावीत होता. त्याला मीच मार्गी लावला. हे मी कुणाला सांगत नाही, असं म्हणत म्हणत मी सगळ्यांना सांगतो, हे माझ्या बायकोचं मत. बायकोचं नाव जया. तिची मतं लई असतात.

वडिलांनी एका दिवाळीला टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. कॅसेट वरनं खाचेत दाबायची, चित्र नाही आलं की काढून फुंकर मारायची, परत दाबायची. रवी सहा वर्षांचा. त्याची समजूत अशी की फुंकर दादाचीच लागते. मी जेवत असलो तरी कॅसेट घेऊन पुढ्यात उभा राहायचा. "दादा, तू फुंक." फुंकून खरं तर काही होत नसतं, हे मला लई वर्षांनी कळलं. त्याला तेव्हा सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

त्या नादातनंच पुढं दोघांनी दुकान टाकलं. आधी सोनीचं प्लेस्टेशन आणलं, दुसऱ्या पिढीचं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. कॅसेटी गेल्या आणि त्यांच्या जागी चकत्या आल्या. आमच्याकडं सगळ्याच चकत्यांना सीडी म्हणतात, मीही म्हणतो. पोरं तासावर खेळायला यायची, काहीजण सीडी भाड्यानं घरी न्यायचे. सीड्यांचं खातं माझं. उजेडात धरून चरा बघायचा, मऊ फडक्यानं आतनं बाहेर पुसायची, डबीत घालायची. दसऱ्याला शेतकरी औत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मी सीड्या पुजायचो. जुनं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचं, नवं कालवायचं, आणि प्रत्येक डबीचं झाकण जिथं मिटतं तिथं बोट टेकवायचं. जया म्हणायची, डबी उघडली की टिकली फुटती आणि रंग गिऱ्हाइकाच्या बोटाला लागतो. लागू दे म्हणायचो मी.

आमचं बिनसलं ते मशीनवरनं. लॉकडाऊन उठल्यावर रवी म्हणाला, आता एक्सबॉक्सचं नवं पांढरं मशीन घेऊ. त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. गेम इंटरनेटवरनं सरळ मशीनच्या पोटात. मी म्हणलं, आपण सोनीवाले. जगात सोनीची दोन खपतात तेव्हा त्यांचं एक खपतं, मोबाईल उघडून बघ. तो आकडा मला निवडणुकीच्या निकालासारखा तोंडपाठ होता. रवी म्हणाला, "दादा, किती खपलं ते कंपनी बघंल. आपन पोरं काय खेळत्यात ते बघू." मी म्हणलं, "जग काय येडं हाय का?" हे महिनाभर चाललं. शेवटी तो म्हणाला, मग वेगळं होऊ.

पंच म्हणून देवळाली प्रवऱ्याहून गोरक्षनाथ मामा आले. मी वाटे पाडले. एका वाट्यात दुकानातली चारही मशीनं आणि दुसऱ्यात सगळ्या सीड्या. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अरं, बैल एकाला आन् नांगर दुसऱ्याला, असं कुटं असतंय व्हय?"

"असंच हाय, मामा," मी म्हणलं.

का असंच, ते मी मामांना सांगितलं नाही, जयालाही नाही. तुम्हाला सांगतो. दोघांचंही अडलं पाहिजे, म्हणजे रोज एकमेकाचं तोंड बघावं लागेल. वेगळे झालेले भाऊ मी बघितलेत. एका बांधावर राहून दहा-दहा वर्षं बोलत नाहीत. माझ्या भावाचं नि माझं तसं झालेलं मला बघवलं नसतं. पण "रवी, तू मला रोज दिसला पाहिजेस" हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून वाटे असे पाडले. रवीनं दोन्ही वाट्यांकडं बघितलं, मग जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि मशीनं उचलली.

त्यानं बस स्टँडमागं दुकान टाकलं. रोज सकाळी नऊला तो माझ्याकडं यायचा. त्याला लागणाऱ्या बारा सीड्यांची कापडी पिशवी खुंटीला असायची. क्रिकेट, कुस्ती, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती, असलं चालणारं सगळं तिच्यात. जया चहा टाकायची. दहा मिनिटं बसायचा, दिवसाचं भाडं द्यायचा, पिशवी घ्यायचा, संध्याकाळी परत आणून लावायचा; भावाच्या सीड्या मी कधी तपासल्या नाहीत. त्या दहा मिनिटांत आम्ही जेवढं बोलायचो तेवढं एका गल्ल्यावर बसून कधी बोललो नव्हतो. त्याच्या पोरीचे दात किडले, माझी पाठ धरली, सगळं निघायचं. मी मात्र त्याच्या दुकानाची पायरी एकदाही चढलो नाही. मी मोठा. त्यानं यायचं, मी बसायचं. अशी चार वर्षं होत आली.

यंदा संक्रांतीनंतरची गोष्ट. कॉलेजची तीन पोरं भाड्याची सीडी परत द्यायला आली. त्यातला चष्मेवाला डबी ठेवत म्हणाला, "काका, ही शेवटचीच. आता सीड्या कोन घेतंय?" बाकीचे दोघं हसले. तेवढ्यात रवी आला, आणि माझ्या तोंडाला काय झालं कोण जाणे. मी म्हणलं, "ह्याला इचारा कोन घेतंय. म्या ही पिशवी दिली न्हाई ना, तर संध्याकाळी ह्याच्या दुकानाला कुलूप. रोज सकाळी हात पसरून दारात उभा असतो."

रवी हसला. पोरांसमोर हसतात तेवढंच. चहा न घेता पिशवी घेऊन गेला. संध्याकाळी पिशवी आणून खुंटीला लावली, "वहिनी, येतो" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. चहा निवला तसा जयानं तो मोरीत ओतला. ती म्हणाली, "फोन करा की."

"त्याला गरज असंल तर येईल," मी म्हणलं.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पिशवी खुंटीला तशीच. मी गिऱ्हाइकाशी बोलताना दाराकडं बघायचो आणि जया माझ्याकडं बघायची. चौथ्या दिवशी काहीतरी आणायचं निमित्त काढून बस स्टँडमागं गेलो. आत नाही गेलो, समोर रसवंतीवर उभा राहिलो. दार उघडं होतं. आत टीव्हींची रांग, आणि प्रत्येक टीव्हीखाली पांढरं मशीन. मला उजव्या डोळ्यानं थोडं कमी दिसतं, तरी एवढं दिसलं की त्यांना खाच नाही. पोरं दाटीवाटीनं बसलेली. रवी कुणाला तरी काहीतरी दाखवत होता, मजेत दिसत होता.

घरी आल्यावर मी जयाला म्हणलं, "कामापुरता मामा आन् ताकापुरती आजी. नवी मशीनं आली, भाऊ संपला."

"तुमी त्या दिवशी पोरांसमोर काय बोल्लात?" जया म्हणाली.

"खरं तेच बोल्लो."

ती भांडी आवरायला लागली. जया बोलत नाही तेव्हा तिला लई बोलायचं असतं.

मामांना फोन लावला. वाटलं, मामा तरी म्हणतील पोरगं बेइमान निघालं. मामा म्हणाले, "वाटे तूच पाडल्यात, कल्याण," आणि उसाच्या तोडीचं काहीतरी बोलत बसले.

मला राग आला. रागात मी ठरवलं की सगळ्या सीड्या फुंकून टाकायच्या. नगरला एक जुना माल घेणारा आहे, त्याला द्यायच्या, पाटी कोरी. खोकी आणली आणि डब्या भरायला बसलो. गावात भाड्यानं जाणाऱ्या डब्या आधी भरल्या. दसऱ्याचं कुंकू त्यांच्यावर होतं, पण मधोमध फुटलेलं, अर्धं झाकणावर, अर्धं खाली, काहींवर नुसता डाग. शेवटी खुंटीवरची पिशवी काढली.

पहिली डबी क्रिकेटची. टिकली गोल. मिटलेल्या झाकणावर जशी ठेवली होती तशी, वाळून कडक झालेली, मध्ये चीर नाही. मी दुसरी काढली. तिसरी काढली. मग पिशवीच पालथी केली. बाराच्या बारा डब्या तशाच होत्या. दसऱ्यापासून एकही उघडलेली नव्हती.

जुन्या मशीनचं एक आहे. गेम सीडीवरचा असेल तर सीडी आत असल्याशिवाय तो सुरू होत नाही. इंटरनेटवरनं विकत घेऊन पोटात भरलेला असेल तर सीडी नको. एवढं मला कळतं, धंदाच तो माझा. पांढरी मशीनं कधी आली ठाऊक नाही, पण जुन्यांत रवीनं गेम केव्हाच भरून घेतले होते. दसरा, दिवाळी, संक्रांत, तो रोज सकाळी नऊला यायचा, बारा बंद डब्या घेऊन जायचा आणि बारा बंद डब्या परत आणायचा. त्यावर भाडंही द्यायचा. आणि मी त्याला हात पसरणारा म्हणलो.

जयाला हाक मारली. तिनं डब्या बघितल्या, कपाळाला हात लावला आणि तिथंच जमिनीवर बसली. "काय केलंत ओ हे," म्हणाली. माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते मी लपवलं नाही. लपवून तरी काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पिशवी घेतली आणि चालत बस स्टँडमागं गेलो. या वेळी पायरी चढलो. आत पाच-सहा पोरं होती, चष्मेवालाही होता. रवीनं मला बघितलं आणि खुर्चीवरनं उठला. तेवढी रीत त्यानं सोडली नव्हती. मी पिशवी काउंटरवर ठेवली.

"दादा, ह्या मशीनला खाच न्हाई," तो हळू म्हणाला.

"दिसतंय मला." मी पोरांकडं वळलो. "त्या दिवशी म्या म्हणलो, माज्यावाचून ह्याचं दुकान चालत न्हाई. साफ खोटं. ह्याचं काय बी अडलेलं नव्हतं. ह्यो दसऱ्यापासनं डब्या न्यायचा आन् न उघडता परत आणायचा. अडलेलं हुतं ते माजं."

पोरांना काही कळलं नसावं. चष्मेवाल्यानं रिमोट खाली ठेवला, एवढंच. रवीनं पिशवीतनं एक डबी काढली, कुंकवावरनं अंगठा फिरवला.

"दसऱ्यापासनं म्हंतोस?"

"व्हय."

"त्याच्या आदीचा दसरा बी असाच गेल्ता, दादा. तू फडक्यानं जुनं, न फुटलेलं कुंकू पुसत हुतास, म्या समोर बसून चहा पीत हुतो. म्हणलं आता बघंल, आता बघंल. तू पुसलंस आन् नवं लावलंस."

मला आठवलं. मी पुसताना सोनीचे खपाचे आकडे सांगत होतो, तो हं हं म्हणत होता.

"मग येत कशापायी हुतास?" मी विचारलं.

"वाटे तू तसे का पाडलेस, ते मला त्याच दिवशी कळल्यालं," रवी म्हणाला. "म्हणून तर मशीनं उचलली. म्हणलं, दादा काय येणार न्हाई, येणारा मीच पायजे." त्यानं डबी पिशवीत ठेवली. "पण हात पसरून म्हणलास, दादा. पोरांपुढं."

तिकडनं कुणीतरी हाक मारली, स्क्रीन अडकली म्हणून. रवी गेला, आणि गेला तो तिकडंच उभा राहिला. मी पायरीपर्यंत आलो. मग म्हणलं, "संध्याकाळी पिशवी न्यायला येतो." त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही.

संध्याकाळी सातला गेलो. रवी कुठं बाहेर गेला होता, की मी येणार म्हणून गेला होता, ते विचारलं नाही. पिशवी काउंटरवर होती, जिथं ठेवली तिथंच. उचलली, घरी आणून खुंटीला लावली. डब्या बघितल्या नाहीत.

सकाळी नऊला चपला घातल्या आणि पिशवी काढली. जया दारात आली. "असं किती दिवस जाणार हाय तुमी?"

म्हणलं, "तो चार वर्षं आला. माजा आज दुसरा दिवस हाय."