आतनं केलेलं नाक

स्थळ चांगलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची बागायत. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि त्या आठवड्यातच मध्यस्थ नाथाजी निरोप घेऊन आले.

"पोरगी पसंत हाय. तेवढं नाक करून घ्या म्हणत्यात."

माझी धाकटी नणंद रेश्मा मागच्या दारी माझ्या तान्ह्या मयूरीला न्हाऊ घालत होती. तिनं सगळं ऐकलं, पण हात थांबवले नाहीत.

तिचं नाक जन्माचं वाकडं नव्हतं. कोरेगावच्या मुलींच्या कबड्डी संघात ती खेळते. कराडच्या सामन्यात तिनं समोरच्या पोरीचा घोटा धरला आणि त्या पोरीचा गुडघा हिच्या तोंडावर बसला. रक्ताची धार लागली, पण घोटा काही सुटला नाही. गुण आपला झाला आणि नाक डावीकडे वाकलं ते तसंच जुळलं.

"एवढंच ना? करून टाकू," सासूबाई म्हणाल्या. मग शेजारणीनं सांगितलं की याला प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात.

"प्लॅस्टिक? आगं, उद्या चुलीपुढं बसायचं हाय पोरीला."

नाकात प्लॅस्टिक घालत नाहीत, हे पटवेपर्यंत माझ्या भाकऱ्या करपल्या.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून तिला तिथल्या डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. एसटीत मयूरीला मांडीवर घेऊन मी रेश्माला तुझं काय म्हणणं आहे, असं विचारलं तर म्हणाली, "नाक तेवढं माझं हाय वैनी. ठरवलंय दुसऱ्यांनीच."

डॉक्टर वयस्कर होते. तिच्या नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि मग स्वतःच्याच नाकावर बोट फिरवत सांगू लागले. पूर्ण भूल द्यायची. हाड पुन्हा मोडून सरळ बसवायचं. आठवडाभर वर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं. आत बोळे असतील तोवर तोंडानं श्वास. सूज उतरायला महिने लागतात, खरा आकार वर्षानं कळतो.

"आणि अगदी मनासारखंच होईल, असं मी सांगत नाही. थोडं उणंअधिक राहतं. कधी दुसऱ्यांदाही करावं लागतं."

"मग कबड्डी?" रेश्मानं विचारलं.

"सहा महिने तरी नाही. त्यानंतरही एखादा गुडघा बसला, तर केलेलं सगळं गेलं."

जिल्ह्याची निवड चाचणी दिवाळीनंतर होती. रेश्मा बोटांवर महिने मोजू लागली.

डॉक्टरांनी तिची उजवी नाकपुडी दाबली. "घे श्वास." डावीकडून हवा जाईचना. "आतला पडदाही वाकलाय. त्रास होत असेल तुला."

ती एकदम सावरून बसली. "म्हणून व्हय. एक चढाई करून आलं की दुसरीला दमच भरत न्हाई. आमच्या खेळाच्या बाई म्हणत्यात, आळशी झालीस."

"नुसता पडदा सरळ करता येईल. दीडेक महिन्यात खेळशील. बाहेरून मात्र असंच दिसेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. घरचं मोठं माणूस मीच. सासूबाईंना काय सांगू, हे मनात आलंच.

"नाक तिचं आहे," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

"आतलं करा," रेश्मा म्हणाली. "बाहेरचं ऱ्हाऊ द्या. ते मी पकड करून मिळवलंय."

ऑपरेशननंतर नाकात बोळे होते तोवर ती बेडकासारखी बोलायची आणि मयूरी खदखदून हसायची. बोळे निघाले त्या दुपारी माझ्या माहेरच्या ओसरीवर बसून तिनं लांब श्वास ओढला आणि म्हणाली, "वैनी, तुमच्या आईंनी हिंग जास्त घातलाय."

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी तिचं नाक पाहिलं, मग मला. त्या दिवशी भाकऱ्या त्यांनी स्वतःच थापल्या. संध्याकाळी रेश्मानं आपली उजवी नाकपुडी दाबली आणि त्यांचं बोट डावीखाली धरलं. 

"व्हय गं," त्या हळूच म्हणाल्या. "येतंय वारं."

नाथाजी आले तेव्हा पाणी रेश्मानंच दिलं. ते तिच्याकडे बघतच राहिले, मग सासूबाईंकडे वळले.

"अंबूवैनी, नाक करायचं ठरलं हुतं न्हवं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोवर सासूबाई बोलल्या. "केलंय की. आतनं केलंय."

"आतनं?"

"मग? पोरीला श्वास घ्यायचा हाय नाकानं."

"आवं, पण मी तिकडं काय सांगू?"

"सांगा, पोरीचं नाक हाय तसंच राहणार. तिरकं दिसत असंल तर मान जरा कलती करून बघा म्हणावं."

नाथाजींनी चहा संपवला आणि निघाले. ते पाहुणे काही पुन्हा आले नाहीत.

निवड चाचणीला साताऱ्यात मी मयूरीला कडेवर घेऊन दोरीपाशी उभी होते. रेश्मा चढाई करून आली, समोरची चढाई परतवली आणि बाईंनी दुसऱ्या मुलीला खुणावायच्या आत पुन्हा स्वतःच रेषा ओलांडून गेली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज कुठे तुटेना.

"कोण हो ती, वाकड्या नाकाची?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"आमची आहे," मी म्हटलं आणि त्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला सरकले.