समोरच्याचा उजवा

चष्म्याच्या भिंगाची कड फिरत्या चाकाला टेकवण्याआधी तिने त्याचं पाकीट पुन्हा उलटून पाहिलं. उजवा. समोरच्या कार्डावर पाहिलं. वरची ओळ, उजवा. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो काही कुठे पळून गेला नव्हता. तरी तिने चाक बंद केलं, पाकीट तिसऱ्यांदा वाचलं आणि मगच भिंग घासायला घेतलं. गेल्या गुरुवारपासून हे असंच चाललं होतं. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागत होता.

"काय गं, भिंग घासतेयस की त्याची मनधरणी करतेयस?" पुढच्या काउंटरवरून आत्याने विचारलं.

"होतंच आलंय."

"होतंच आलंय म्हणे. आणि ते दुसरं? पाच वाजेपर्यंत कळवायचंय ना?"

फोन शेजारीच पालथा पडला होता. त्यात दोन जागा तिची वाट पाहत होत्या. एक एम.एस्सी.ची, प्रकाशशास्त्राची, रेल्वेने दीड दिवस लागेल इतक्या दूरच्या विद्यापीठात, वर्ग सहा तारखेपासून. दुसरी इथलीच, दुकानापासून दहा मिनिटांवर, डोळे तपासण्याच्या दोन वर्षांच्या कोर्सची. एकीवर बोट ठेवलं की दुसरी आपोआप जाणार होती. पाचपर्यंत कुठेच ठेवलं नाही तर दोन्ही जाणार होत्या, आणि खरं सांगायचं तर दुपारपासून तिला हाच मार्ग सगळ्यांत बरा वाटू लागला होता.

कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखी मुलगी पाच वर्षांत एखादीच येते. ते ऐकून ती घाबरली होती. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या मुलीकडून लोक काय काय मागतील, याचा नेम नाही. आत्याचं मत सोपं होतं. उजेडाचा अभ्यास! बटण दाबलं की उजेड पडतो, त्यात दोन वर्षं शोधायचं काय? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझं तू बघ." तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तेच. तिला त्याचा राग आला होता.

बाबा गेली चौतीस वर्षं मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत होते. नंबर कार्डावर लिहून बाहेर पाठवत, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ती त्याबरहुकूम भिंगं घासून फ्रेममध्ये बसवी. शाळेत असल्यापासून हे काम तिच्या हातात होतं. धंद्यातला पहिला धडा त्यांनीच तिला दिला होता: समोरच्याचा उजवा तो आपला डावा. समोर बसलेल्याकडे बघताना स्वतःला विसरायचं, म्हणजे गफलत होत नाही.

आणि गुरुवारी तिच्याकडून नेमकी तीच गफलत झाली होती. गोदीवरच्या क्रेनवाल्याचा चष्मा होता. त्याच्या एका डोळ्याचा नंबर सव्वा, दुसऱ्याचा पावणेतीन. चष्मा तयार झाला, आत्याने डबीत घालून दिला, आणि पाळीला उशीर होतोय म्हणून त्याने तो घालूनही न बघता खिशात टाकला. संध्याकाळी टेबल आवरताना तिला रिकामी पाकिटं दिसली. उजव्याचं पाकीट डाव्या बाजूला, डाव्याचं उजव्या. भिंगं उलटी बसली होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी गोदीच्या ऑफिसात फोन लावला तर ते म्हणाले, तो वर आहे, दोनपर्यंत खाली उतरत नाही. निरोप काय द्यायचा? तिने फोन ठेवून दिला, आणि त्या ठेवण्याची तिला चष्म्याच्या चुकीहून जास्त लाज वाटली. तो तक्रार घेऊन आला असता तर बरं झालं असतं. पण शुक्रवार गेला, शनिवार गेला, आज सोमवार. साठ फुटांवर बसलेला तो माणूस, खाली लोंबणारा लोखंडाचा गठ्ठा आणि त्याखालची माणसं तिला जेवताना दिसत, दात घासताना दिसत. जिला उजवं-डावं कळत नाही तिने कसलं एम.एस्सी. करायचं?

चार वाजून पाच मिनिटांनी दार ढकलून क्रेनवाला आत आला.

तिने त्याला काचेतून पाहिलं आणि चाकाचं बटण बंद केलं. ती बाहेर गेली. चष्मा त्याच्या नाकावर होता.

"हा तुम्हीच बनवला ना?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"असाच अजून एक पाहिजे. अगदी असाच. वर चढताना पडला एखाद्या दिवशी तर? म्हटलं जोडीला एक असू दे."

"दिसतं... नीट?"

"नीट? अहो, खालच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजतो मी वरून!"

"बटणं नका मोजू, काम करा," आत्या म्हणाली, आणि तो मोठ्याने हसला. तीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने पटकन चष्म्यासाठी हात पुढे केला.

"द्या जरा. मोजून घेते."

म्हणजे तिने भिंगं नीटच बसवली होती. पाकिटंच तेवढी इकडची तिकडे झाली असणार. चार दिवस उगाच जीव टांगणीला लावला! चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवून तिने डोळा लावला. उजवा, पावणेतीन. डावा, सव्वा. ड्रॉवरमधून कार्ड काढलं. उजवा, सव्वा. डावा, पावणेतीन.

तिने पुन्हा मोजलं. भिंगं उलटीच होती. तिची चूक झालीच होती, आणि त्या चुकीमुळेच या माणसाला नीट दिसत होतं. ते एकाच कारणाने शक्य होतं. तिच्या आधी कार्डावरच उलटं लिहिलं गेलं होतं. कार्डावरचं अक्षर बाबांचं होतं.

"काय झालं? बिघडलं काही?" क्रेनवाल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी मिळेल."

एखाद्या वेळी चूक होते, असं ती स्वतःला समजावत असतानाच मागच्या खोलीतून शिंपीकाकांचा आवाज आला. ते समोरच्या गल्लीत शिवणकाम करत. बाराव्या वर्षी पतंगाच्या काडीने त्यांचा डावा डोळा गेला होता आणि तिथे काचेचा बसवला होता. त्यावर सगळ्यांत जास्त विनोद तेच करत. मला निम्मा चष्मा पुरतो, म्हणत. वीस वर्षं त्यांचा चष्मा याच दुकानात होत होता.

ते बाहेर आले, कार्ड तिच्या हातात देत म्हणाले, "घे. तुला निम्मंच काम."

कार्डावर वरच्या ओळीत, उजव्यापुढे, एक आडवी रेघ होती. खालच्या ओळीत, डाव्यापुढे, बाबांच्या नीटस अक्षरात नंबर लिहिलेला होता. काचेच्या डोळ्याला नंबर.

तिने कार्ड पुन्हा वरपासून वाचलं. किती जणांची अशी कार्डं गेली असतील? गेल्या दोन महिन्यांत चारपाच चष्मे परत आले होते, आणि बाबा म्हणाले होते, भिंगांची कंपनी हल्ली माल बरा देत नाही. तिने ते मान हलवून ऐकलं होतं. आई गेल्यापासून या घरात एकच माणूस असा होता ज्याचं काही चुकत नाही, आणि त्याच्या चुकीचा पुरावा तिच्या हातात होता. ती इतकी घाबरली होती की शिंपीकाका काहीतरी विचारत होते ते तिला कळलंच नाही.

आणि त्याच भीतीच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. आता जाता येणार नाही. बाबांना असं टाकून दीड दिवसाच्या अंतरावर कोण जाईल? तिने इथला कोर्स घ्यायचा, मागच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसायचं. कुणी तिला भित्री म्हणणार नाही. उलट मुलगी असावी तर अशी, म्हणतील. तिच्या छातीवरचं ओझं हलकं झालं. ते हलकं झालेलं तिला कळलं, आणि त्याकडे तिने दुर्लक्ष केलं.

घड्याळात चार पस्तीस झाले होते. कार्ड घेऊन ती मागच्या खोलीत गेली. बाबा तपासणीची भिंगं एकेक पुसून पेटीतल्या खाचांत ठेवत होते. समोरच्या भिंतीवर वाचायच्या अक्षरांच्या पेटीतला दिवा तेवढा चालू होता.

"बाबा, मी जात नाहीये."

"कुठे?"

"तिकडे. इथलाच कोर्स घेते. तुमच्या हाताखाली—"

त्यांनी तिच्या हातातलं कार्ड पाहिलं. हात पुढे केला. कार्ड दिव्यापाशी नेऊन वाचलं, आणि वाचून झाल्यावरही ते तसंच धरून राहिले.

"शिंपीबुवांचं?"

"हो."

"अजून कुणाचं?"

"क्रेनवाल्याचं. ते... निभावलं."

कसं निभावलं ते त्यांनी विचारलं नाही. स्टूल ओढून ते बसले.

"दोन-अडीच महिने झाले," ते म्हणाले. "लिहायच्या आधी स्वतःच्या कानाला हात लावून बघतो. हा माझा उजवा, म्हणजे त्याचा हा. तरी चुकतं. चुकतंय असं वाटलं तर माणूस थांबेल तरी. अगदी बरोबर आहे असं वाटतं गं, आणि चुकलेलं असतं."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊ. तुझी आत्या येईल बरोबर."

"म्हणूनच मी थांबते म्हणतेय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. खुर्चीत बसलेल्याकडे पाहायचे तसं, जवळून आणि घाई न करता.

"तुला बरं वाटलं," ते म्हणाले.

"काय?"

"हे कार्ड बघून. घाबरलीस, ते दिसतंय. पण जरा बरंही वाटलं. खरं सांग."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. अक्षरांच्या पेटीतला दिवा बारीक आवाज करत होता.

"हो," ती म्हणाली. आणि मग, लहान मुलीसारखं, "मला खूप भीती वाटते बाबा. तिथे मला काहीच येत नाही असं निघालं तर?"

"निघेल कदाचित."

तिने पेटीतलं एक भिंग उचललं आणि परत खाचेत ठेवलं.

"तू विचारत होतीस तेव्हा मी गप्प बसलो," ते म्हणाले, "कारण बोललो असतो तर राहा म्हणालो असतो. रोज ओठांवर यायचं. तुझं तू बघ म्हणायचो आणि इथे येऊन बसायचो." त्यांनी कार्डाची घडी घालून खिशात ठेवली. "राहायचं असेल तर राहा. इथलं शिक्षण काही कमी नाही. पण माझ्या डोक्यावर खापर फोडून राहू नकोस."

ते उठले. अक्षरांच्या पेटीची पिन त्यांनी भिंतीतून काढली आणि खोलीत अंधार झाला. त्यांच्यामागून ती बाहेर आली. बाकावर एक बाई शाळकरी मुलीला घेऊन बसल्या होत्या.

"तपासणी बंद झाली," बाबा त्यांना म्हणाले.

"मग उद्या येऊ?"

"उद्याही नाही. पूल ओलांडला की एक डॉक्टरीणबाई बसतात. नीट बघतात त्या. त्यांच्याकडे जा." मग शिंपीकाकांकडे वळून, "बुवा, तुमचा जुना चष्मा ठेवून जा. त्याच नंबरचा करू."

"का हो? नवा नंबर काढलात ना आत्ता?"

"काढला. पण चुकीच्या डोळ्याचा लिहिला."

शिंपीकाका यावर विनोद करतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी गुपचूप चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"काय चाललंय काय तुमचं?" आत्याने विचारलं. बाबांनी तिला चार वाक्यांत सांगितलं, ऐकायला गिऱ्हाइकं उभी असतानाच. मग म्हणाले, "गेल्या तीन महिन्यांची कार्डं काढ. एकेकाला फोन लाव. चष्मा घेऊन बोलव सगळ्यांना."

आत्या काहीतरी बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. आत्याने ड्रॉवर ओढला, कार्डांचा गठ्ठा काढला आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बाबा काउंटरच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. तिथे बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पाचला आठ मिनिटं होती. ती चाकापाशी परत आली, फोन सुलटा केला. दोन जागा होत्या तशाच, एकीखाली एक. चष्म्याची चूक होती तोवर ती चुकीमागे लपली होती, मग थोडा वेळ बाबांमागे. आता मागच्या खोलीत दिवा नव्हता. आत्या त्यांना डॉक्टरकडे नेणार होती. जायचं नाही म्हणायला तिच्याकडे एकही कारण उरलं नव्हतं, आणि चार दिवसांत वाटली नव्हती इतकी भीती तिला तेव्हा वाटली.

तिने बोट टेकवलं. नक्की का, असं फोनने विचारलं. तिने पुन्हा टेकवलं.

"झालं का?" आत्याने रिसीव्हर कानाला लावूनच विचारलं.

"झालं."

"कुठलं?"

"दूरचं."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पलीकडे कुणीतरी आधीच फोन उचलून ते ऐकलं असावं.

"नाही हो, तुम्हाला नाही," आत्या रिसीव्हरमध्ये म्हणाली. "चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. तुमच्या नंबरात आमची चूक झाली असेल. पुलापलीकडे डोळे तपासून या, भिंगं आम्ही बदलून देऊ... नाही, सावकाश नको. चार तारखेच्या आत या. बसवून देणारी मुलगी त्यानंतर इथे नसणार."